विश्लेषण : विक्रीचा पहिला फोन करणाऱ्याला शिकवायचे कोणी? शनिशिंगणापूरच्या रस्त्यावरचा प्रश्न

घोडेगावकडून किंवा राहुरीकडून गाडी शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागली की, देवाच्या आधी भेटतो तो ‘लटकू’. दुचाकीवरून गाडीच्या बरोबरीने येतो, हात करतो, ‘पार्किंग इकडे आहे, दर्शनाची सोय करून देतो’ असे सांगतो आणि गाडी एका ठरावीक दुकानापाशी नेऊन उभी करतो. तेल, रुईच्या पानांची माळ, नारळ आणि काळे कापड असलेले पूजेचे ताट तिथे भाविकाच्या हातात पडते. ताटाच्या किमतीतला काही हिस्सा लटकूचा असतो. पोलिसांनी वेळोवेळी कारवाई केली, भाविकांनी तक्रारी केल्या, तरी हा प्रकार पुरता थांबलेला नाही.

पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत याच कामाला एक भारदस्त नाव आहे : ‘सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे ‘एसडीआर’. ग्राहक हेरायचा, त्याच्यापर्यंत इतरांच्या आधी पोहोचायचे, बोलते करायचे आणि पुढे विक्री करणाऱ्याच्या हवाली करायचे. नेवासे, राहुरी, श्रीरामपूर भागातले पदवीधर आज या नोकऱ्यांसाठी मुलाखती देतात. लटकू आणि एसडीआर यांच्यात फरक काय? एकाला कोणी काही शिकवलेले नसते, दुसऱ्याला कंपनी तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देते, असे उत्तर मिळते. पण ते प्रशिक्षण नेमके कशाचे, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या फायद्याचे, हे तपासल्याशिवाय हा फरक वाटतो तेवढा मोठा आहे असे म्हणता येत नाही.

एसडीआर म्हणजे नेमका कोण?

एसडीआर माल विकत नाही, तो विक्रीची वेळ ठरवून देतो. समजा, एखादी कंपनी कारखान्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवते. एसडीआर सकाळी संभाव्य ग्राहकांची यादी उघडतो. कोणत्या कारखान्यात हा निर्णय कोण घेतो, ते शोधतो. त्या व्यक्तीला ईमेल, संदेश, फोन करतो. त्यांना खरोखर गरज आहे का, पैसे आहेत का, निर्णय कधी होणार, हे विचारतो. उत्तरे होकारार्थी असली की वरिष्ठ विक्री अधिकाऱ्याबरोबर बैठक ठरवून देतो. महिन्याला अशा किती बैठका लावल्या, यावर त्याचा प्रोत्साहन भत्ता ठरतो.

हे सारे काम आता यंत्रणांवर चालते. ग्राहकाची नोंद ठेवणारे ‘सीआरएम’ (सेल्सफोर्स, हबस्पॉट, झोहो ही त्यातली परिचित नावे), एकामागून एक आपोआप नंबर लावणारा ‘डायलर’, ठरलेल्या दिवशी ठरलेला ईमेल पाठवणारी प्रणाली, संभाषण ध्वनिमुद्रित करून त्याचा सारांश काढणारे सॉफ्टवेअर. त्यामुळे बोलण्यात तरबेज असणे पुरत नाही, या प्रणाली हाताळता याव्या लागतात. कॉलेजात त्या शिकवल्या जात नाहीत. म्हणून कंपन्यांना आपल्या घरातच शाळा काढावी लागते.

ही पद्धत आली कुठून?

विक्रेत्याला शिकवावे लागते, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या डेटन शहरात गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ कंपनीचे जॉन पॅटरसन यांनी १८८७ मध्ये विक्रेत्यांसाठी काय बोलायचे याची छोटी पुस्तिका काढली आणि १८९० च्या दशकात विक्रेत्यांची शाळा सुरू केली. पुढे ‘आयबीएम’ उभी करणारे थॉमस वॉटसन याच कंपनीत विक्री शिकले.

पहिल्या संपर्काचे काम विक्रीपासून तोडून वेगळ्या माणसांकडे द्यायची पद्धत सॉफ्टवेअर उद्योगात रुळली ती २००० नंतर. सेल्सफोर्समध्ये ॲरन रॉस यांनी अशी वेगळी फळी उभी केली आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी ती रचना उचलली. त्याच वर्षी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त आलेल्या एका अभ्यासाने या कामाला घाई जोडली : इंटरनेटवर चौकशी करणाऱ्या ग्राहकाला तासाभरात गाठणाऱ्या कंपनीचे त्याच्याशी कामाचे बोलणे होण्याची शक्यता, त्यानंतर तासाभराने गाठणाऱ्या कंपनीच्या जवळपास सातपट होती.

म्हणजे जो आधी पोहोचेल, त्याचा ग्राहक. शिंगणापूरच्या फाट्यावर उभ्या असलेल्या मुलाला हे कोणत्याही अभ्यासाशिवाय ठाऊक असते.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

अजिबात नाही. आपल्याकडे याचा सर्वांत जुना आणि नीट बसलेला नमुना म्हणजे ‘एमआर’, अर्थात औषध कंपन्यांचे वैद्यकीय प्रतिनिधी. मुंबई हे औषध उद्योगाचे जुने केंद्र. विज्ञान शाखेची पदवी घेतलेल्या मुलाला कंपनी आधी वर्गात बसवते. शरीररचना, औषध शरीरात काय करते, त्याचे दुष्परिणाम, डॉक्टरांपुढे दोन मिनिटांत काय मांडायचे, याचा सराव आणि परीक्षा होते. मगच बॅग हातात येते. गावोगावच्या दवाखान्यांबाहेर बसलेल्या एमआरची ही पिढी मराठी मध्यमवर्गाने जवळून पाहिली आहे.

या क्षेत्राने दोन गोष्टी शिकवल्या. एक, शिकलेला प्रतिनिधी मालाबद्दल खरे सांगू शकतो. दोन, शिकवूनही लक्ष्याचा दाब वाढला की भेटवस्तू आणि सहलींचा रस्ता निघतो. म्हणूनच केंद्राला मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची एकसमान आचारसंहिता आणावी लागली. डॉक्टरांना भेटवस्तू आणि त्यांच्या कुटुंबीयांना सहली देण्यास तिने मनाई केली. प्रशिक्षणाबरोबर आचारसंहिता नसेल, तर प्रशिक्षण फक्त धार लावते.

विक्रीच्या प्रशिक्षणाचेच सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही पुण्यातच उभी राहिली. ‘माइंडटिकल’ २०११ मध्ये सुरू झाली. नव्या विक्री प्रतिनिधीला माहिती देणे, प्रश्नमंजूषा घेणे, बोलण्याचा सराव ध्वनिचित्रमुद्रित करून त्यावर वरिष्ठाचा अभिप्राय मिळवून देणे, असे तिचे काम. ऑगस्ट २०२१ मध्ये सॉफ्टबँकेच्या गुंतवणुकीनंतर तिचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले. जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांना तयार करणारे साधन पुण्यातले अभियंते बनवतात. पुण्यापासून काही तासांच्या अंतरावरच्या नेवाशातल्या मुलाच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा पहिल्या दिवशी एक हेडफोन, एक छापील संहिता आणि नंबरांची यादी येते. खरी दरी इथे आहे.

घरच्या शाळेत काय शिकवले जाते, काय राहून जाते?

नीट आखलेल्या कार्यक्रमाचे साधारण चार भाग असतात. पहिला, आपला माल आणि ग्राहकाचा धंदा समजून घेणे. दुसरा, प्रणाली हाताळणे : नोंद कशी करायची, यादी कशी गाळायची, एकाच माणसाला तीन जणांचे फोन जाऊ नयेत म्हणून काय करायचे. तिसरा, संभाषणाचा सराव : जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणे, सहकाऱ्याने ग्राहक होऊन नकार देणे, तो नकार पचवणे. चौथा, पहिल्या काही आठवड्यांत वरिष्ठाने शेजारी बसून केलेली दुरुस्ती.

घाईच्या कंपन्यांत यातला फक्त दुसरा भाग उरतो, तोही ‘हे बटण दाब, मग ते दाब’ एवढाच. अशा प्रशिक्षणाचा दोष असा की, बटण बदलले की ज्ञान संपते. ग्राहकांची नोंद का ठेवतात, चुकीची नोंद पुढे किती जणांना बाधते, हे ज्याला कळले तो उद्या कोणतीही प्रणाली आठवड्याभरात शिकेल. ज्याला फक्त पडद्यावरची जागा पाठ आहे, तो नवे सॉफ्टवेअर आले की पुन्हा नवशिका.

राहून जाणारा दुसरा विषय म्हणजे ‘नाही’ म्हणायला शिकणे. ज्या ग्राहकाला या मालाची गरज नाही, त्याला तसे सांगून फोन ठेवणे हा एसडीआरच्या कामाचाच भाग आहे. गाळणी लावण्यासाठीच हे पद निर्माण झाले. पण भत्ता केवळ बैठकांच्या आकड्यावर असेल, तर गाळणी कोण लावणार? डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ‘बायजूज’च्या प्रमुखांना समन्स पाठवले होते. पालकांना अभ्यासक्रम विकताना गैरमार्ग वापरले जातात, अशा तक्रारी त्यामागे होत्या. ते फोन करणारी बहुतेक मुले पंचविशीच्या आतबाहेरची होती. लोकांचा राग त्यांच्यावर निघाला. लक्ष्य मात्र त्यांनी ठरवलेले नव्हते.

शिकवण्याचा खर्च कोणाचा?

कंपन्यांचे म्हणणे रास्त आहे : आम्ही महिने खर्चून शिकवायचे आणि मुलगा दोन हजार रुपये जास्त मिळाले की शेजारच्या इमारतीत जाणार. म्हणून बॉण्ड येतो. अमुक काळाआधी नोकरी सोडली तर तमुक रक्कम भरा.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात असा बॉण्ड वैध ठरवला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये, अशी त्यात अट होती. नोकरीत असतानाच्या काळापुरती अशी अट घालणे म्हणजे पुढच्या रोजगारावर बंदी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पण हा निकाल प्रत्येक बॉण्डला शिक्का नाही. तिथे सार्वजनिक क्षेत्रातली बँक होती, जाहिरात आणि परीक्षा घेऊन होणारी खर्चिक भरती होती, वरिष्ठ पद आणि तसा पगार होता. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई ही वाजवीच असावी लागते. पंधरा-वीस हजार पगाराच्या मुलाकडून दहा दिवसांच्या वर्गासाठी लाखभर रुपये मागणे, हे त्या निकालाच्या आड लपवता येणार नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे नोकरीआधी ‘प्रशिक्षण शुल्क’ घेणे. उलट दिशेचे उदाहरण देशातच आहे. झोहोने २००४ मध्ये तमिळनाडूत स्वतःची शाळा सुरू केली. बारावी किंवा पदविकेनंतरची मुले तिथे येतात, शुल्क घेतले जात नाही, उलट विद्यावेतन मिळते आणि पुढे कंपनीत काम मिळते. २०११ मध्ये कंपनीने तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात कार्यालयही थाटले. तेनकाशीत जे होऊ शकते ते नेवाशात का नाही, हा प्रश्न आपल्या उद्योगांना आणि लोकप्रतिनिधींना विचारायला हवा.

राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आणली. बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. हेतू चांगला होता. पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले. काय शिकलो हे दुसऱ्या मालकाला दाखवता येत नसेल, तर प्रशिक्षणाचा काळ हा फक्त स्वस्त मजुरीचा काळ ठरतो. हे सरकारी योजनेला लागू आहे, तसेच खासगी कंपनीलाही.

कायदा काय सांगतो?

फोन करणाऱ्या प्रत्येक मुलाला तीन गोष्टी ठाऊक हव्यात. बहुतेक प्रशिक्षणांत त्या सांगितल्याच जात नाहीत.

पहिली, दूरसंचार नियम. जाहिरातीचे फोन ‘१४०’ने सुरू होणाऱ्या नोंदणीकृत क्रमांकांवरूनच करायचे असतात. ‘१६००’ मालिका बँका, वित्तसंस्था आणि सरकारी यंत्रणांच्या सेवाविषयक फोनसाठी आहे. साध्या दहा आकडी नंबरवरून प्रचाराचे फोन करणे हा नियमभंग आहे. ‘ट्राय’ने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा नोंदणी नसलेल्या फोन करणाऱ्यांच्या सर्व जोडण्या तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश दिले. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ग्राहकाला तक्रारीसाठी तीनऐवजी सात दिवस दिले. याचा व्यावहारिक अर्थ असा : कंपनी तुम्हाला ‘तुझ्याच सिमवरून फोन कर’ म्हणत असेल, तर तक्रार आल्यावर बंद होणारा नंबर तुमचा असेल. बँक खाते, आधार, घरचे फोन सारे ज्यावर आहे, तोच.

दुसरी, माहितीचे संरक्षण. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. संमतीशिवाय मिळवलेल्या नंबरांच्या याद्या, कोणा हॉटेलच्या नोंदवहीतून, कोणा दुकानाच्या बिलांतून उचललेल्या, हा यापुढे धोक्याचा माल आहे. ‘ही यादी कुठून आली?’ हे विचारण्याचा धीर प्रशिक्षणातून मिळायला हवा.

तिसरी, कामगार म्हणून हक्क. एमआर मंडळींसाठी १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला होता. तो आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला असून, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकीय पदे सोडून विक्रीवाढीचे काम करणाऱ्यांची व्याख्या त्यात व्यापक आहे आणि नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. एसडीआर हे नाव कायद्यात नसेल, पण काम तेच आहे. ‘एक्झिक्युटिव्ह’ असा किताब दिल्याने कोणी व्यवस्थापक होत नाही.

एआय आल्यावर ही नोकरी राहणार का?

हा आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. यादी गाळणे, ईमेलचा मसुदा करणे, संभाषणाचा सारांश लिहिणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता करू लागली आहेत. माणसासारखा बोलणारा आवाजही आला आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, संमती नसताना एआयच्या आवाजात आपोआप केलेले फोन बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. तंत्रज्ञान करू शकते म्हणून ते करूच द्यावे असे नाही, हे तिथल्या नियामकाने सांगितले.

यातून एक गोष्ट निघते. ज्या कामात संहिता वाचून दाखवणे एवढेच आहे, ते काम यंत्राकडे जाणार. समोरच्याच्या धंद्याची खरी अडचण ओळखणे, ‘तुम्हाला हे नको’ असे सांगणे, यंत्राने लिहिलेल्या मजकुरातली चूक पकडणे, हे माणसाकडे राहणार. साखर कारखान्याचा गळीत हंगाम कधी सुरू होतो, त्या काळात तिथल्या लेखापालाला फोन का करू नये, हे मुळा कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या मुलाला ठाऊक असते. ते मोलाचे ज्ञान आहे. चांगले प्रशिक्षण त्याला तंत्रज्ञानाची जोड देते. वाईट प्रशिक्षण ते पुसून तिथे इंग्रजी संहिता भरते.

शिंगणापूरला याचे काय?

हे गाव घरांना दारे-कुलपे नसण्यासाठी जगभर ओळखले जाते. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली, तेव्हा गावाची रीत आणि ठेवीदारांचा पैसा या दोन्हींचा मान राखायचा होता. बँकेने काचेचे दार बसवले आणि लोखंडी कुलपाऐवजी सहज न दिसणारी विद्युतचुंबकीय व्यवस्था केली. तंत्रज्ञान विश्वासाच्या बाजूने कसे उभे राहू शकते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

उलटे उदाहरणही याच गावाने पाहिले. जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावे बनावट ॲप चालवून ऑनलाइन पूजेसाठी भाविकांकडून पैसे घेतल्याच्या प्रकाराची आणि कर्मचाऱ्यांच्या बनावट नोंदींची माहिती दिली, कारवाईची घोषणा केली. घराला दार नसलेल्या गावात भाविकांचा पैसा गेल्याचा आरोप झाला, तो मोबाइलच्या दारातून. ज्याने शेकडो किलोमीटरवरून श्रद्धेने बटण दाबले, त्याला खरे ॲप कोणते, हे सांगणारा कोणी नव्हता.

म्हणून पहिल्या संपर्काच्या माणसाचे प्रशिक्षण हा प्रश्न फक्त हिंजवडीतल्या कंपन्यांचा नाही. तो देवस्थानाचा आहे, दुकानदारांचा आहे आणि लटकू म्हणवल्या जाणाऱ्या मुलांचाही आहे. गर्दीत ग्राहक ओळखणे, अनोळखी माणसाशी दहा सेकंदांत बोलणे सुरू करणे, पन्नास नकार ऐकून एक्कावन्नाव्याला तेवढ्याच उत्साहाने सामोरे जाणे, ही कौशल्ये त्यांच्याकडे आहेत. कंपन्या हेच शिकवायला खर्च करतात. त्यांच्याकडे नाही ती ओळख, ठरलेला मोबदला आणि नियम.

यावर कोणी म्हणेल, भाविकांना अडवणाऱ्यांना गुन्हेगार न मानता विद्यार्थी मानायचे का? नाही. गाडीला आडवे जाणे, दमदाटी करणे, ताटाला अवाच्या सवा पैसे लावणे यावर पोलिसी कारवाई झालीच पाहिजे. पण २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले, तरी लटकू गेले नाहीत, कारण रस्त्यावरून हटवलेल्या मुलाला दुसरे काम नाही आणि त्याला पाठवणारा दुकानदार पडद्याआड सुरक्षित राहतो. शिक्षा लटकूला आणि नफा दुकानाला, ही विभागणी कॉर्पोरेट जगातल्या ‘लक्ष्य वर ठरते, शिवी खाली बसते’ याच रचनेचे गावठी रूप आहे.

उपाय अवघड नाहीत. देवस्थान, ग्रामपंचायत आणि दुकानदारांनी मिळून नोंदणीकृत भाविक-मदतनीस नेमावेत. त्यांना ओळखपत्र आणि ठरलेला मोबदला द्यावा. पूजासाहित्याचे दर फाट्यावरच फलकावर लावावेत. अधिकृत ॲप आणि संकेतस्थळाचा क्यूआर कोड त्याच फलकावर असावा आणि खरे-खोटे कसे ओळखायचे, हे मदतनिसांना शिकवावे. तक्रार आली तर दुकानाचा परवानाही अडचणीत यावा.

मुलाखतीला जाताना काय विचाराल?

तालुक्याच्या गावातून पहिल्यांदा अशा नोकरीला निघालेल्या मुलामुलींनी, आणि त्यांच्या आईवडिलांनीही, हे प्रश्न नोंदवून ठेवावेत.

- प्रशिक्षण किती दिवसांचे आणि त्या काळात पूर्ण पगार आहे का? आधी पैसे मागत असतील तर तिथूनच परत फिरा.
- बॉण्ड असल्यास रक्कम कशी काढली? काळ जाईल तशी ती कमी होते का?
- मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगतात का? त्या देऊ नका, छायांकित प्रती द्या.
- फोन कोणत्या क्रमांकावरून करायचे? स्वतःच्या सिमवरून नक्कीच नाही.
- नंबरांची यादी कुठून येते आणि ‘पुन्हा फोन करू नका’ म्हणणाऱ्याची नोंद कुठे होते?
- भत्ता फक्त बैठकांच्या संख्येवर, की त्यांतल्या किती खऱ्या निघाल्या यावर?
- परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी असेल, तर ने-आण करण्याची सोय आहे का?
- प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळते का? मिळत नसेल तर सेल्सफोर्सचे ‘ट्रेलहेड’ आणि हबस्पॉटची ‘अकॅडमी’ हे मोफत अभ्यासक्रम मोबाइलवरही करता येतात. ते स्वतःच्या नावावर राहतात.

या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारी कंपनी बहुधा नीट शिकवतेही. जी कंपनी प्रश्न विचारल्याबद्दल नाराज होते, तिने उत्तर दिलेच आहे.

मग कंपन्यांनी काय करावे?

तीन गोष्टी पुरेशा आहेत. प्रशिक्षणाला काम माना आणि त्याचा पगार द्या. जे शिकवाल ते लेखी प्रमाणपत्रावर द्या, म्हणजे मुलगा गेला तरी रिकाम्या हाताने जाणार नाही. अशी कंपनी मुले सहसा लवकर सोडतही नाहीत. आणि भत्त्याच्या हिशेबात ग्राहकाच्या तक्रारीला जागा द्या, म्हणजे खोटे बोलून लावलेली बैठक पगारात वाढ नव्हे, घट करेल. शेवटच्या या एका बदलाशिवाय बाकीचे प्रशिक्षण म्हणजे लटकूला दिलेला टॅबलेट आहे. त्याच्या हातात नवे यंत्र येईल, त्याचे काम तेच राहील.

शनिशिंगणापूरला येणारा भाविक असो, की फोन उचलणारा कारखान्याचा लेखापाल, दोघेही समोरच्या अनोळखी माणसाचे पहिले वाक्य ऐकून घेतात. तेवढा विश्वास ते उधार देतात. तो कसा जपायचा, हे शिकवण्याची जबाबदारी त्या मुलाला रस्त्यावर किंवा फोनवर उभे करणाऱ्याची आहे. त्या दुकानदाराचे आणि त्या कंपनीचे नाव फलकावर ठळक लागले, तर ही जबाबदारी घेण्याची घाईही त्यांनाच होईल.